फॅक्सच्या बिलात ८३,३७१ रुपये: परदेशी नंबराचे पहिले तीन आकडे बघा

८३,३७१ रुपये आणि वर १२ पैसे. एका फॅक्स नंबरावर कागद पाठवल्याचे. आमच्या त्या लाइनचं महिन्याचं बिल एरवी बाराशे-पंधराशेच्या पुढे कधी गेलं नव्हतं. २०१३ च्या मार्चमध्ये बिल हातात पडलं तेव्हा मला वाटलं, टिंब चुकीच्या जागी पडलंय. तसं काही नव्हतं. शेवटी पैसे भरले आणि गावात गप्प बसलो, कारण बायकोनं बजावलं होतं, "फॅक्सनं लुटलं म्हणून गावभर सांगत सुटू नका, लोक हसतील." आता सांगतोय, कारण हल्लीच शॉपमधला एक पोरगा रात्री आलेल्या परदेशी मिस्ड कॉलला उलटा फोन लावायच्या बेतात होता. मी त्याच्या हातातून मोबाइल हिसकावून घेतला. फॅक्स गेले, पण धंदा तोच चालू आहे.

आमचं पुण्याच्या नऱ्ह्याला टर्निंगचं, म्हणजे लेथकामाचं, छोटं शॉप. डिझेल इंजिनच्या पंपसेटचे सुटे भाग बनवतो: व्हॉल्व्ह गाइड, टॅपेट, पुश रॉड. माल बहुतेक महाराष्ट्रातच जातो, थोडा नेपाळला जायचा, म्हणून आयएसडी, म्हणजे परदेशी फोन लावायची सोय, घेतलेलं.

आणि मी अडाणी नाही, हे आधीच सांगून ठेवतो. उलट परदेशी नंबर कसा फिरवायचा हे शेजारच्या शेडमधले लोक मला विचारायला यायचे. आपल्याकडून आधी ००, मग देशाचा कोड, मग गावाचा कोड, पण त्यातलं पुढचं शून्य गाळून. अमेरिकन पार्टी कागदावर ०११ लिहिते, तो तिथून बाहेर पडायचा आकडा. आपण तसाच फिरवला तर फोन दिल्लीत वाजतो. पुण्याचा ०२० आणि लंडनचाही ०२०, शून्य गाळलं की दोघांचे उरतात २०, फरक काय तो आधीच्या ९१ आणि ४४ चा. कंसात शून्य दिसलं की सोडून द्यायचं. हे सगळं मला तोंडपाठ. आणि नेमकं ह्याच नियमात मला अडकवलं.

फेब्रुवारीत ढाक्याच्या एका कंपनीचा फॅक्स आला. सरकारी सिंचन योजनेला पंपांचे सुटे भाग पुरवतो, बोरो भाताचा हंगाम सुरू आहे, चिनी इंजिनांचे भाग टिकत नाहीत, तुमचं नाव निर्यातदारांच्या यादीत मिळालं, दर कळवा. यादीत अकरा आयटम, प्रत्येकाचं माप, मटेरियलची ग्रेड, नग किती ते. नीट टाइप केलेलं. ज्यानं लिहिलं त्याला व्हॉल्व्ह गाइड म्हणजे काय हे माहीत होतं. बांगलादेशात जानेवारीपासून एप्रिलपर्यंत डिझेल पंपांवर भातशेती चालते हे मलाही माहीत होतं, त्यात खोटं काहीच नव्हतं. माझ्या हिशेबानं ऑर्डर चौदा लाखांच्या घरात जात होती.

परदेशी खरेदीदाराच्या नावाखाली कसं फसवतात हे तुम्हाला माहीत आहे, मलाही होतं. एलसी (बँकेचं हमीपत्र) उघडायची फी भरा, सॅम्पलचं कुरिअर आधी भरा, रजिस्ट्रेशनचे डॉलर पाठवा. मी त्याचीच वाट बघत होतो. मनाशी ठरवलं होतं की पैशाचा शब्द निघाला की कागद केराच्या टोपलीत. पण त्यांनी शेवटपर्यंत एक रुपया मागितला नाही! मागितलं काय, तर कोटेशन, प्रत्येक भागाचं ड्रॉइंग, आयात-निर्यात कोडाच्या सर्टिफिकेटची प्रत, व्हॅट रजिस्ट्रेशन, दोन वर्षांचा ताळेबंद. आणि हे सगळं फक्त फॅक्सनं, कारण "टेंडर कमिटी ईमेलची प्रिंट ग्राह्य धरत नाही." आपल्याकडची सरकारी खाती २०१३ मध्ये काय वेगळं सांगत होती? मला ते पटलं. ज्याला पटलं नसतं त्यानं कधी टेंडर भरलेलं नाही.

आता नंबराचं सांगतो, कारण सगळी चोरी तिथेच आहे.

बांगलादेशाचा कोड ८८०, ढाक्याचा २. पण तिथले लोक सर्रास +८८ ०२ असं लिहितात. आकडे तेच, फक्त मधली मोकळी जागा शून्याच्या अलीकडे येते. ह्या लेटरहेडवर फोन नंबर तसाच होता, +८८ ०२ आणि पुढे. त्याच्याखाली फॅक्सचा नंबर: +८८ २ आणि पुढे. नियम माहीत असलेला माणूस ह्यातून काय समजेल? की वरच्यात शून्य ठेवलंय, खालच्यात बाहेरच्या लोकांसाठी गाळून लिहिलंय. मी तेच समजलो. ऑफिसच्या पोराला सांगितलं, ०० लाव, मग ८८, मग २.

एक्स्चेंजला कागदावरची मोकळी जागा दिसत नाही. त्याला दिसलं ८८२. आणि ८८२ हा बांगलादेशाचा कोड नाही, कुठल्याच देशाचा नाही. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेनं तो वेगवेगळ्या आंतरराष्ट्रीय नेटवर्कांना तुकड्या-तुकड्यांनी वाटून दिलाय, त्यात सॅटेलाइटवालेही आहेत. ८८३ तसाच. ८८१ सॅटेलाइट फोनांचा, ८७० इन्मारसॅट ह्या सॅटेलाइट कंपनीचा. आपल्या डोक्यात ८८० म्हणजे बांगलादेश, फार तर ८८६ म्हणजे तैवान. मधल्या आकड्यांचं नाव कोण घेतो? ढाक्याला आम्हाला मिनिटाला ११ रुपये पडत होते. ८८२ ला ३५० पडले.

ह्यात त्यांना काय मिळतं, असं आमच्या मेव्हण्यानं विचारलं होतं. साधं आहे. मी इथून फोन लावला की माझी कंपनी पुढच्या कंपनीला पैसे देते, ती तिच्या पुढच्या, आणि शेवटी ज्या नेटवर्कवर नंबर आहे त्याला मिनिटामागे ठरलेली रक्कम पोचते. तिथे कुणीतरी नंबरांचा एक गठ्ठा भाड्यानं घेतलेला असतो, आणि येणाऱ्या प्रत्येक मिनिटाचा हिस्सा त्याला मिळतो. मग त्याचं काम एवढंच, की जगातल्या कुणीतरी तो नंबर लावावा आणि जमेल तितका वेळ ठेवू नये. माणूस वैतागून फोन ठेवतो. फॅक्स मशीन ठेवत नाही. लाइन तुटली तर आपणहून पुन्हा लावतं.

ते कागद ढाक्यात कुठे निघालेच नसणार. कुठेतरी टोन द्यायला एक मशीन किंवा कॉम्प्युटर बसवलेला, बास.

आणि आता ती गोष्ट, जी आठवली की अजून माझं डोकं फिरतं. पोरगा पहिल्याच दिवशी येऊन म्हणाला होता, "साहेब, आज मशीन लय रडतंय. एक पान जायला पाच-पाच मिनटं लागतायत." मी लेथवर होतो, कूलंटनं हात भरलेले. म्हटलं, लाइन खराब असेल, जाऊ दे तसंच. संध्याकाळी ट्रान्समिशन रिपोर्टचा कागद टेबलावर होता. तो मी वाचला! वाचला आणि फाइलला लावला. पानं ७, वेळ ३८ मिनिटं १४ सेकंद, निकाल ओके. पूर्ण ३९ मिनिटं धरून ह्या एका ओळीचे १३,६५० रुपये होते आणि त्यावर कर. ओके हा शब्द दिसला की आपण बाकीचं वाचत नाही.

वेगाच्या रकान्यात २,४०० लिहिलं होतं, म्हणजे सेकंदाला इतके बिट. आमचं मशीन १४,४०० चं. दोन फॅक्स मशिनं बोलायला लागली की आधी आपापसात वेग ठरवतात, आणि घेणाऱ्यानं सांगितलं की मला २,४०० च झेपतं, तर पाठवणारं मुकाट्यानं त्याच वेगानं पाठवतं. खराब लाइनवरही वेग असाच उतरतो, म्हणून संशयाला जागाच राहत नाही. त्यांनी मुद्दाम सगळ्यात कमी वेग धरला. दोन दिवसांनी त्यांचा फॅक्स: ड्रॉइंगवरची मापं वाचता येत नाहीत, कृपया फाईन मोडवर पुन्हा पाठवा. फाईन मोडवर पानाच्या ओळी दुप्पट होतात, वेळही जवळजवळ दुप्पट. अकराच्या अकरा ड्रॉइंग पुन्हा गेली. वर मला बरं वाटलं, की पार्टी मापं बघतेय म्हणजे गंभीर आहे.

तुमच्याकडे अजून फॅक्स असेल (वकील आणि काही दवाखाने अजून ठेवून आहेत), तर पानांची संख्या नंतर बघा, वेळ आधी बघा.

तुम्ही विचाराल, एकदा फोन लावून खात्री का नाही केली? केली होती. वरच्या +८८ ०२ च्या नंबरावर मी स्वतः फोन लावला. एक म्हातारे गृहस्थ होते, मोडक्या हिंदीत म्हणाले, "यहाँ कोई कंपनी नहीं, ये घर है." मला वाटलं आपला आकडा चुकला असेल, पुन्हा लावला तर एंगेज. दुसऱ्या दिवशी न विचारता त्यांचा फॅक्स हजर: आमच्या फोन लाइनचं काम चालू आहे, कॉल भलतीकडे जातायत, तूर्त फॅक्सच वापरावा. मी फोन लावला हे त्यांना कुठून कळलं, असं मला तेव्हा वाटून गेलं. त्यांना काहीच कळलं नव्हतं. प्रत्येकजण फोन लावतो, म्हणून तो फॅक्स प्रत्येकाला जातो. अकरा रुपयांच्या त्या कॉलनं खरं सांगितलं होतं, आणि साडेतीनशेवाल्यानं गोड बोलून ते पुसून टाकलं.

कुणी म्हणालं फोनचं काम चालू आहे, तर त्याचा दुसरा नंबर त्याच्याकडून घेऊ नका. कंपनीचं नाव स्वतः शोधा, तिथल्या व्यापारी मंडळाला विचारा, दूतावासाच्या व्यापार विभागाला लिहा.

बिलाचा तपशील असा: ८८२ वर एकूण २१२ मिनिटं, दर ३५०, झाले ७४,२००. त्यावर तेव्हाचा सेवाकर १२.३६ टक्के, म्हणजे ९,१७१ रुपये १२ पैसे. म्हणजे माझ्या लुटीवर सरकारनंही कर घेतला.

टेलिफोन कंपनीचं नाव लिहीत नाही. लाइन घेताना त्यांनीच भरून घेतलेल्या फॉर्मवर माझी क्रेडिट लिमिट ५,००० रुपये छापलेली होती. पहिल्याच दिवशी ती पार झाली. ७४ हजार होईपर्यंत कुणी एक फोन केला नाही. ह्याच कंपनीची मुलगी बिलाला दोन दिवस उशीर झाला की तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला फोन करायची! काउंटरवरच्या साहेबांना फॉर्म दाखवला तर म्हणाले, "लिमिट ग्राहकाच्या सोयीसाठी असते." कुठली सोय, हे त्यांना सांगता आलं नाही. पुढे म्हणाले, कॉल तुमच्या लाइनवरून, तुमच्या मशीनवरून, तुमच्या माणसानं लावलेत, आमच्याकडे रेकॉर्ड आहे. मी कुठे नाही म्हणत होतो? मी म्हणत होतो, हा नंबर फसवणुकीचा आहे, पुढचे पैसे थांबवा. कंपन्यांचा आपसातला हिशेब फोन ठेवल्या ठेवल्या होत नाही, नंतर होतो. त्या काळात वाद नोंदवून रक्कम अडवता येते. पण त्यासाठी कुणीतरी खुर्चीतून उठावं लागतं.

तक्रार केंद्राला फोन केला, डॉकेट नंबर मिळाला, चार ओळींत उत्तर आलं: बिल बरोबर आहे. मग कंपनीच्याच अपिलीय प्राधिकरणाकडे. प्राधिकरण म्हटलं की वाटतं कुणी न्यायाधीश असतील. त्यांनी तीच चार वाक्यं वेगळ्या लेटरहेडवर पाठवली. ट्रायला, म्हणजे दूरसंचार नियामकाला, लिहिलं, तर कळलं की ट्राय वैयक्तिक तक्रारी घेतच नाही, कंपनीकडेच जा. दूरसंचार विभागाच्या तक्रार कक्षाला लिहिलं, त्यांनी माझा अर्ज पुढील कार्यवाहीसाठी पाठवला. कुणाकडे? त्याच कंपनीकडे. कंपनीनं उत्तर दिलं, बिल बरोबर आहे. कक्षानं मला कळवलं, तक्रार निकाली.

पोलीस चौकीत ठाणे अंमलदार शांतपणे ऐकून घेत म्हणाले, "फोन तुम्हीच लावला ना? मग फसवणूक कुठं झाली?" ड्रॉइंग दाखवली, लेटरहेड दाखवलं. म्हणाले, हे सिव्हिल मॅटर आहे, कंपनीशी मिटवा. फार आग्रह धरला तेव्हा सायबरकडे जा म्हणाले. सायबरवाल्यांनी विचारलं, ईमेल आहे का? नाही. वेबसाइट आहे का? नाही. मग सायबर कसं? फॅक्स सायबरमध्ये बसत नाही, आणि चौकीच्या मते टेलिफोनचं काहीही सायबरमध्येच जातं. शिवाय गुन्हा घडला कुठे, नऱ्ह्यात की ढाक्यात? मी म्हटलं ढाक्यात नाहीच, ८८२ हा देशच नाही. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की अर्जावर आवकचा शिक्का घेऊन मी निघून आलो. तो शिक्का आहे माझ्याकडे. दुसरं काही मिळालं नाही.

ग्राहक मंचात जायचं ठरवलं, तर वकिलांनी ५,००० रुपये घेऊन सांगितलं की जाता येणार नाही. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यात ७-ब कलम आहे, टेलिफोनच्या बिलाचा वाद लवादाकडे जातो, आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या कलमावर बोट ठेवून ग्राहक मंचाचा रस्ता बंद केलाय. १८८५! तेव्हा पुण्यात घरोघरी फोन होते का? लवाद नेमायचा तर अर्ज केंद्र सरकारकडे. ८३ हजारांसाठी मी दिल्लीला खेटे घालत बसू? २०२२ च्या फेब्रुवारीत त्याच न्यायालयानं सांगितलं की टेलिफोन कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येतं. चांगलं झालं. पण ग्राहक कायद्यात तक्रारीला मुदत दोन वर्षांची. माझी २०१५ मध्येच संपली. तुमची संपली नसेल तर बसून राहू नका, आणि कुणी अजून ७-ब सांगून परत पाठवत असेल तर त्याला २०२२ चा निकाल दाखवा.

दरम्यान कंपनीनं आउटगोइंग बंद केलं, मग इनकमिंगही बंद करायची नोटीस आली. सगळ्या व्हिजिटिंग कार्डांवर, डिलिव्हरी चलनांवर, गिऱ्हाइकांच्या डायऱ्यांत तो नंबर. भरले. एक चेक ४०,००० चा, एक ४३,३७१ चा. वरचे १२ पैसे पुढच्या बिलात लावले. उदार मनानं ८३४ रुपये लेट फी माफ केली आणि त्याचं पत्रही पाठवलं, "सन्माननीय ग्राहक" म्हणून.

आता फॅक्स फारसा कुणाकडे नाही, म्हणून हे वाचून सोडून देऊ नका. मोबाइलवर एक रिंग येते आणि कट होते, तेही हेच आहे. उलट फोन लावला की पलीकडे रिंगचा नुसता आवाज, किंवा कुणी बाई रडतेय, किंवा बँकेसारखं "कृपया प्रतीक्षा करा", आणि मिनिटं पळतायत. +१ दिसलं म्हणजे अमेरिकेतला भाचा असं समजू नका. +१ नंतर ८७६ म्हणजे जमैका, ४७३ म्हणजे ग्रेनाडा, ६४९ म्हणजे टर्क्स अँड कैकोस. भाच्याला काम असेल तर तो व्हॉट्सॲपवर करेल.

कारखान्यात ईपीएबीएक्स (आतल्या फोनांचं छोटं एक्स्चेंज) असेल तर व्हॉइसमेलचा पासवर्ड १२३४ किंवा ०००० ठेवलेला आहे का ते आजच बघा. बाहेरून फोन करून आतून बाहेरची लाइन घ्यायची सोय त्यात असते, बसवणारा ती चालू ठेवून जातो. चोर दिवाळीच्या सुट्टीत किंवा शनिवारी रात्री घुसतात आणि सगळ्या लाइनी अशाच नंबरांवर लावून ठेवतात. जिथं आयएसडी लागत नाही त्या प्रत्येक एक्स्टेन्शनवर ते बंद करा. लँडलाइनला गुप्त कोडाचं लॉक मिळतं, लेखी मागा, नुसतं तोंडी सांगून काही होत नाही.

आणि पैसे गेलेच तर त्याच दिवशी १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, सायबरक्राइमच्या पोर्टलवर नोंदवा. संशयास्पद कॉल कळवायला २०२४ पासून दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर चक्षू नावाची सोय आहे, पण पैसे गेले असतील तर तिथं वेळ घालवू नका. टेलिफोन कंपनीला ईमेलनं लिहा, विषयातच "विवादित रक्कम" लिहा, आणि बाकीचं निर्विवाद बिल वेळेत भरून टाका, म्हणजे लाइन तोडायला त्यांना कारण मिळणार नाही. हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. वकिलांनीही नाही, ५,००० घेऊन.

ती लाइन मी २०१६ मध्ये सरेंडर केली. आयएसडीसाठी घेतलेलं २,००० रुपये डिपॉझिट परत मागितलं, तर म्हणाले मूळ पावती आणा. पावती नेऊन दाखवली, झेरॉक्स त्यांनी ठेवून घेतली, चेक घरी येईल म्हणाले. अजून आलेला नाही.